आयडलिंगला थरथरते, गिअरही जड पडतो : जुन्या व्हॅनचं दुखणं शोधायचं कसं?

ई-२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सगळीकडे मिळू लागल्यापासून जुन्या गाडीत काहीही बिघडलं की आरोपी ठरलेला असतो. सिग्नलला गाडी थरथरते? पेट्रोल. मधेच बंद पडते? पेट्रोल. हल्ली तर गिअर जड पडतो यालाही पेट्रोलच जबाबदार धरतात. गिअरबॉक्समध्ये पेट्रोलचा थेंबही जात नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या बाजूला गॅरेज आहेच. दहा-पंधरा वर्षांची ईको किंवा ओम्नी दारात उभी राहिली की काही ठिकाणी उत्तर तयार असतं : ‘इंजिनाचं काम निघणार शेठ, आणि क्लच प्लेट तर गेलेलीच आहे.’ दोन तक्रारी, दोन मोठी बिलं.

शाळेची मुलं नेणारी, केटररचे टोप वाहणारी, पहाटे दादरच्या फूलबाजारातून माल उचलणारी ही व्हॅन एक दिवस बसून राहिली तरी धंद्याला खोट. म्हणून मालक ‘काय ते करून टाका’ म्हणून मोकळा होतो. ते म्हणण्याआधी ज्या तपासण्या करता येतात, त्यांतल्या बऱ्याचशा फुकट आहेत. आणि त्या केल्या की कित्येकदा असं दिसतं, की थरथर आणि जड गिअर ही दोन दुखणी नसून एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत.

## इंजिन आयडलिंगलाच का थरथरतं?

आयडलिंग म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनाचं आपल्या आपण चालू राहणं. अशा वेळी इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटतं. म्हणजे मिनिटाला एकूण १६०० स्फोट, सेकंदाला २६-२७. हे सगळे सारख्या ताकदीचे असले तर आपल्याला फक्त एक संथ गुणगुण जाणवते. एक सिलिंडर पेटेनासा झाला की सेकंदाला सहा-सात धक्के चुकतात आणि तो हिसका थेट सीटपर्यंत येतो. यालाच मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात. ईको-ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे काही लपत नाही.

पालखीचे चार भोई डोळ्यांसमोर आणा. पालखी अगदी हळू चालली असताना एकाचा पाय लचकला की लगेच हेलकावा बसतो. तेच चौघे झपाझप चालत असले तर एकाची उणीव वेगात झाकून जाते, पण ओझं बाकीच्या तिघांवर असतंच. इंजिनाचंही तसंच. रेस दिली की थरथर जाते म्हणून बिघाड गेला असं समजू नका.

सिलिंडर नीट पेटायला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि पुरेसा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. निदान म्हणजे या चारपैकी काय कमी पडतंय ते ओळखणं.

## आधी ‘कधी’ ते सांगा, मग ‘काय’

‘गाडी थरथरते’ एवढ्यावरून कुठल्याही मेकॅनिकला काही कळणार नाही. कधी थरथरते, हे कळलं तर निम्मं काम झालं.

सकाळी पहिल्या स्टार्टला थरथरते आणि गरम झाल्यावर शांत होते? की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तासभर रखडल्यावर सुरू होते? एसी लावल्यावरच होते का? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो, आणि तो पेलायला थोडी जादा हवा आत सोडावी लागते. ती सोडणारा भाग थ्रॉटल बॉडीत असतो. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दरवाजा. तिथे काळा, तेलकट थर बसला की आयडलिंग खाली घसरतं आणि एसी लावताच गाडी मरायला टेकते. हे साफ करणं स्वस्तातलं काम आहे, आणि जुन्या व्हॅनमध्ये थरथरीचं हे फार नेहमीचं कारण.

आयडलिंगला थरथर, रेस दिल्यावर गायब, आणि सोबत बारीक ‘स्स्स’ आवाज, असं असेल तर व्हॅक्यूमचा एखादा रबरी पाइप तडकलाय का ते पाहा. आयडलिंगला हवेचा दरवाजा जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आतून सर्वांत जास्त ओढ असते. तडकलेल्या पाइपातून चोरटी हवा शिरते आणि इंधनाचं प्रमाण बिघडतं. पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत शेकलेलं रबर बोटानं दाबलं तर कडक लागतं, वाकवलं की भेगा दिसतात.

## सीएनजी असेल तर निम्मं निदान बटणावर

मुंबईतल्या निम्म्याअधिक व्हॅनमालकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, पण डॅशबोर्डवरचं पेट्रोल-सीएनजीचं बटण हे निदानाचं उत्तम साधन आहे.

इंजिन गरम होऊ द्या. सीएनजीवर आयडलिंग पाहा, मग पेट्रोलवर घेऊन पाहा. दोन्हींवर सारखीच थरथर असेल तर इंधनाची बाजू बहुतेक सुटली. आता ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज पुरवणारी कॉइल, हवेची गळती किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग), फिल्टर, पंप, किंवा टाकीतलं पेट्रोलच. फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर किंवा गॅसचे इंजेक्टर.

एक अपवाद लक्षात ठेवा. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त जोराची ठिणगी द्यावी लागते. त्यामुळे प्लग किंवा कॉइल नुकतेच थकायला लागले असतील तर मिसिंग आधी सीएनजीवर दिसतं, पेट्रोलवर गाडी शहाण्यासारखी वागते. अशा वेळी काही जण सरळ गॅस किट बदलायच्या गोष्टी सुरू करतात. किटला हात लावण्याआधी प्लग बघा. आणि गॅसच्या बाजूचं कुठलंही काम घरी किंवा नाक्यावरच्या मेकॅनिककडे करू नका. टाकीत सुमारे २०० बार दाबानं गॅस भरलेला असतो. ते काम अधिकृत ठिकाणीच, आणि गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

## प्लग बाहेर काढला की तो बोलतो

इंजिन थंड असताना सीट उचलून चारही प्लग (ओम्नीत तीनच) काढायला सांगा, आणि कुठला प्लग कितव्या सिलिंडरचा हे कागदावर लिहून एका ओळीत मांडा. हे मेकॅनिककडून करून घेतलंत तरी समोर उभे राहा.

टोक फिकट तपकिरी, चहाच्या डागासारखं दिसलं तर तो सिलिंडर ठणठणीत. कोरडी, काजळीसारखी काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. काळं, ओलं आणि चिकट म्हणजे इंजिनऑईल वर येतंय; इथे खर्चाची तयारी ठेवावी लागते. पांढरटफटक टोक म्हणजे इंधन कमी पडतंय, बहुधा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. चारही सारखे काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, उदाहरणार्थ एअर फिल्टर किंवा एखादा सेन्सर. तीन चांगले आणि एकच काळा असेल तर बिघाड त्याच सिलिंडरचा.

मग एक साधी अदलाबदल करायची. गाडीला प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल असेल तर संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलसोबत सरकलं तर कॉइल गेली. तिथेच राहिलं तर प्लगची अशीच अदलाबदल करा. ते करूनही जागचं हललं नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. या एका युक्तीनं चारऐवजी एकच कॉइल विकत घ्यावी लागते. चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून बघायची जुनी पद्धत मात्र सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तो जाळतं.

प्लग घेताना ओळखीच्या दुकानातूनच घ्या. ऑपेरा हाऊसला असो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, नामांकित कंपनीच्या डब्यात नकली प्लग विकले जातात, आणि नवा प्लग टाकूनही मिसिंग जात नाही तेव्हा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

## पीयूसीची चिठ्ठी फेकू नका

पीयूसी म्हणजे आपल्या लेखी पोलिसांनी अडवलं तर दाखवायचा कागद. त्यावर दोन आकडे असतात, ते वाचत जा. एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं. भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमांपासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे.

एचसी वर आणि सीओ कमी, म्हणजे एखादा सिलिंडर पेटतच नाहीये, इंधन कोरंच बाहेर पडतंय. दोन्ही वर असतील तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. मागच्या वर्षीची चिठ्ठी जवळ असेल तर फरक तिथल्या तिथे कळतो. अर्थात चिठ्ठी खरी असायला हवी. गाडी न आणता, फोटोवर पीयूसी करून घेतलं असेल तर त्या आकड्यांचा निदानाला काडीचा उपयोग नाही.

## आता गिअर : इंजिन बंद करून टाकून बघा

क्लचचं काम एकच : पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत करणं. ती पूर्ण झाली नाही तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट फिरतच राहतो, आणि फिरत्या दातांमध्ये गिअर बसवताना जोर लागतो.

सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच करा.

बंद इंजिनावर गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनावर अडतात? मग गिअरबॉक्सचा दोष बहुतेक नाही. क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्रीसाठी रिव्हर्सची परीक्षा घ्या. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला फिरते दात जुळवून घेणारी यंत्रणा नसते. इतकं थांबूनही ‘कर्रर्र’ झालं तर शाफ्ट अजून फिरतोय. इथे सर्वांत आधी क्लच केबल पाहायची. केबल ताणली गेली असेल तर पेडलची सुरुवातीची बरीच हालचाल वाया जाते. ती नट फिरवून जुळवून घेता येते. आतून गंजली असेल तर बदलावी लागते, तरीही क्लच प्लेटच्या मानानं खर्च किरकोळ. क्लच तेलावर चालणारा असेल तर तेलाची पातळी आणि क्लचच्या सिलिंडरची गळती पाहायची. हे सगळं ठीक निघालं, तरच प्रेशर प्लेट, क्लच प्लेट किंवा बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवायचा.

इंजिन बंद असतानाही गिअर जड असतील तर क्लच निर्दोष. दोष लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल किंवा रॉडमध्ये, किंवा त्यांच्या झिजलेल्या बुशांमध्ये. फक्त एकच गिअर, बहुधा दुसरा, घासत असेल तर आतली सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. दात जुळवून देणारी पितळी रिंग ती हीच. सगळेच गिअर जड आणि नुकतंच गिअरऑईल बदललेलं असेल तर कुठलं तेल टाकलं ते विचारा. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच हवा; ‘जास्त जाड तेल टाकलं की आवाज बंद’ हा सल्ला ऐकून बरेच गिअरबॉक्स जड झालेत.

## दोन्ही तक्रारी जिथे एकत्र येतात

क्लच पूर्ण सुटत नसेल तर सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून उभं राहिल्यावर इंजिन थोडं थोडं गाडी ओढतच असतं. भार येतो, आयडलिंग खाली जातं, गाडी थरथरते. मालकाला वाटतं इंजिन गेलं. न्यूट्रल करून पाय काढून बघा. थरथर गायब झाली आणि पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबलेलं असताना गाडी पुढे सरकायला बघत असेल, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

याच्या उलटही घडतं. चोरट्या हवेमुळे आयडलिंग ८०० ऐवजी १३००-१४०० वर गेलं, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट जास्त वेगानं फिरत असतो आणि थांबायला जास्त वेळ घेतो. मग पहिला आणि रिव्हर्स टाकताना अडथळा येतो. इथे क्लच प्लेट बदलूनही काही फरक पडणार नाही. बदलायचा आहे तो हातभर रबरी पाइप.

तिसरी जागा म्हणजे इंजिनाचं फाउंडेशन, ज्या रबरी ठोकळ्यांवर इंजिन बसलेलं असतं ते. रबर फाटलं की इंजिनाची साधी कंपनंही बॉडीत उतरतात. सिलिंडर चारही ठणठणीत असतात, पण सीट हलते. त्यातच इंजिन आणि गिअरबॉक्स जागचे थोडे सरकले तर गिअरच्या केबलचा कोन बिघडतो आणि लिव्हर जड होतो. सीट उचलून, टॉर्च मारून फाउंडेशन पाहायला पाच मिनिटं लागतात. मला विचाराल तर थरथर आणि जड गिअर एकाच सुमारास सुरू झाले असतील तेव्हा पहिली टॉर्च इथेच मारावी.

आणि पावसाळा. हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, आठवड्यानं मिसिंग सुरू झालं, महिन्यानं गिअर जड. कॉइलच्या जोडांवर हिरवट गंज आणि क्लच केबलच्या आत तांबूस गंज, दोन्ही त्याच पाण्याचे. गिअरऑईल काढल्यावर दुधाळ दिसलं तर पाणी तिथेही गेलंय. ते तेल त्याच दिवशी बदला.

## पण मग ई-२० चा काहीच दोष नाही?

आहे, पण सरसकट नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की ते ई-२०. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर त्याची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणून मायलेज काहीसं घटणं अपेक्षितच आहे. इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी पेट्रोलचं प्रमाण बऱ्याच अंशी आपलं आपण जुळवून घेते. इंजेक्टरऐवजी कार्बोरेटर असलेल्या जुन्या ओम्नीला ते जमत नाही, तिथे आयडलिंग बिघडू शकतं. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. जुनं रबरही त्याला फारसं मानवत नाही.

सीएनजीवाल्यांनी मात्र जपावं. ते महिनोन्महिने पेट्रोल भरत नाहीत, टाकीत तळाशी पाच-सहा लिटर पडून असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तेच उचलतो. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग सीएनजीवर जातात, म्हणून सकाळची पहिली दोन मिनिटं थरथर आणि मग सगळं सुरळीत, असा अनुभव येतो. उपाय म्हणजे टाकीतलं पेट्रोल अधूनमधून जाळून संपवणं आणि ताजं भरणं.

## स्कॅनर लावला की कळत नाही का?

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्यातून थोडं कळतं. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग दाखवतात, पी ०३०० म्हणजे मिसिंग एका जागी ठरत नाहीये, आणि पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. पण तिसरा सिलिंडर पेटत नाही एवढंच कोड सांगतो. प्लगमुळे, कॉइलमुळे की व्हॉल्व्हमुळे (सिलिंडरच्या झडपेमुळे), ते नाही. फाउंडेशन आणि क्लच केबल तर स्कॅनरला दिसतच नाहीत. शिवाय जुन्या व्हॅनशी ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर कित्येकदा जुळतच नाहीत. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे, गाडी शक्य तितकी कमी पळवा.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर क्लचच्या वरच्या तपासण्या लागू होत नाहीत. तिथे गिअर बदलताना झटका बसतो. इंजिन किती जोर लावतंय याचा अंदाज घेऊन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतला तेलाचा दाब ठरवतो. मिसिंगमुळे किंवा थ्रॉटलच्या सेन्सरमुळे तो अंदाज चुकला की गिअर आपटतो. म्हणून आधी इंजिन नीट करून घ्यायचं, गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि पातळी पाहायची, आणि मगच गिअरबॉक्स उघडायचं बोलायचं.

## पंधरा वर्षांच्या गाडीवर पैसे घालावेत का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि पर्यावरण करही भरावा लागतो. या टप्प्यावर थरथर पाहून गाडी मातीमोल भावात काढणारे बरेच आहेत. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चारही आकडे पुस्तिकेतल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन धडधाकट आहे, आणि प्लग, कॉइल, पाइप, फाउंडेशन, केबल यांवर केलेला खर्च वाया जाणार नाही. एखादा आकडा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिनऑईल सोडून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागेल. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. सीएनजीवर फार चाललेल्या गाड्यांत हे होतं, आणि कधी कधी नुसत्या टॅपेट सेटिंगवर, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट जुळवून घेण्यावर, भागतं. म्हणून हेड उतरवायला होकार देण्याआधी टॅपेटचं अंतर मोजलं का, ते विचारा.